दुसरं बोलावणं

मीरा रोडला हाटकेशच्या ज्या इमारतीत मी अकरा वर्षं काढली, तिथे बरोबर माझ्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, एक इंजिनिअर राहायचे. मी त्यांना काका म्हणायचे. बाकी इमारतीत गुजराती, मारवाडी, मंगलोरी, युपीवाले असे सगळे होते आणि ते सगळे मिळून त्यांना ‘सायन्सवाले अंकल’ म्हणायचे. या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो, हे मला तिथे राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं.

गिरगावातून सामान हलवून आई आणि मी नुकत्याच आलो होतो. सकाळी नळ कोरडा. काका जिन्यात भेटले म्हणून विचारलं, “काका, इथे पाणी कधी येतं हो?”

काका पायरीवर बसले. चक्क बसले, आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाले, “बस. तू म्हणतेस पाणी येतं. पण पाणी कधीच येत नसतं. त्याला ढकलावं लागतं.”

वीस मिनिटांत मला हवेचा दाब, पंपाची पाती आणि आमच्या टाकीची उंची समजली. तेवढ्यात पाणी येऊन गेलं होतं.

हे ज्ञान हौसेचं नव्हतं. हाटकेशमध्येच एका गाळ्यात पाण्याचे पंप बनायचे, तिथे काका बावीस वर्षं इंजिनिअर होते. काम चोख. अडचण एकच, की गिऱ्हाइकाशी त्यांची गाठ पडू द्यायची नाही. एखादा माणूस दोन हॉर्सपॉवरचा पंप मागायला यायचा. काका त्याला खुर्ची द्यायचे, घर किती मजली, टाकी कुठे, पाइप कसा वळवलाय, सगळं विचारायचे, पंपाच्याच खोक्यावर चित्र काढायचे आणि शेवटी आनंदाने सांगायचे, “अहो, तुम्हाला पंप लागतच नाही! टाकी चार फूट वर घ्या, झालं.” माणूस खूश होऊन रिकाम्या हाताने घरी जायचा. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, “तुम्ही माझे इंजिनिअर आहात की पाण्याचे?”

दुसरा कोणी असता तर खाली मान घालून बाहेर आला असता. काकांना तो प्रश्न फार आवडला. त्यांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एका ओळीचा राजीनामा दिला. त्यात लिहिलं होतं, ‘पाण्याचा.’

वय त्रेपन्न. मुलगी बंगळूरला नोकरीला लागलेली. काकांनी जाहीर केलं की इथून पुढे ते लोकांना विज्ञान सांगणार. शाळांमध्ये नाही, मोठ्या माणसांना. “मुलांना सांगायला मास्तर आहेत,” ते म्हणायचे. “मोठ्यांचं काय? मोठी माणसं चाळीस-चाळीस वर्षं फ्रिज उघडतात आणि एकदाही विचारत नाहीत की आतली उष्णता गेली कुठे!”

काकू एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. बोलणं कमी, नजर पक्की. त्यांनी रडारड केली नाही की भांडण केलं नाही. एक अट घातली. “वर्षभर करा. पण वर्षाच्या आत एका तरी ठिकाणाहून तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावणं आलं पाहिजे. पहिल्यांदा काय, कोणीही बोलावतं. दुसऱ्यांदा बोलावलं तर मी म्हणेन हे काम आहे. नाहीतर मालकांकडे परत जायचं.”

“एक कशाला?” काका म्हणाले. “दहा येतील.”

काकू त्यांची पोस्टर्स रंगवून द्यायच्या. अक्षर सुंदर, चित्र सुरेख, पण खोटं लिहायचं नाही हा त्यांचा बाणा. ‘विषय : हवेचा दाब. वेळ : पाच ते सहा. व्याख्याते सातपर्यंत बोलतील.’ किंवा ‘विषय : उष्णता. हॉलमध्ये पंखे आहेत.’ काका ती पोस्टर्स वाचायचे सुद्धा नाहीत. कौतुकाने फक्त चित्र बघायचे.

पहिलं व्याख्यान जवळच्या राई गावात झालं, देवळाच्या सभागृहात. विषय घर्षण. श्रोते तीन. एक काकू, एक मी आणि तिसरे एक धोतरवाले गृहस्थ, जे अगदी एकटक बघत होते. काका त्यांच्याकडे बघूनच दीड तास बोलले. शेवटी हात पसरून म्हणाले, “विचारा! काहीही विचारा!” ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, “झालं का?” ते हॉलला कुलूप लावायला थांबले होते.

“पहिल्याच कार्यक्रमात प्रश्न आला,” काका परतीच्या रिक्षात म्हणाले. “चांगली सुरुवात आहे.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन फुगे, रबरबँड आणि दोऱ्याचं रीळ असायचं. कुठे काय समजावून सांगायची वेळ येईल, नेम नाही. तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. काका पेढा घेऊन पाळण्यापाशी गेले, फुगा फुगवला, स्वतःच्या स्वेटरवर घासला आणि बाळाच्या डोक्यावर धरला. बाळाचं जावळ ताठ उभं राहिलं. बाळ खदखदून हसलं. त्याची पणजी मात्र “अगं बाई, काय झालं माझ्या सोन्याला!” म्हणून किंचाळली, आणि मग अर्धा तास काका त्या पणजीला स्थिर विद्युत समजावत बसले. नाव ठेवायचा मुहूर्त निघून गेला. पुढे त्या घरातून त्यांना बोलावणं आलं नाही, हे सांगायला नको.

असंच चाललं होतं. बोलावणी यायची. एका सोसायटीत वर्धापनदिन, एका ज्येष्ठ नागरिक संघात कोजागरी, चेण्याला कुणाच्या तरी फार्महाउसवर निवृत्तीचा समारंभ. सगळीकडून एकदा. काकूंनी कॅलेंडरवर प्रत्येक बोलावण्यापुढे पेन्सिलीने छोटा गोल काढला होता. दुसरं बोलावणं आलं की तो रंगवायचा होता. कॅलेंडरभर नुसते रिकामे गोल.

मग लिफ्टचा प्रकार झाला. एका रविवारी सकाळी काका लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसले, पुढ्यात काट्याचा वजनकाटा. जो येईल त्याला काट्यावर उभं करायचं. लिफ्ट वर निघाली की काटा पुढे सरकायचा, खाली निघाली की मागे यायचा. यातून न्यूटन समजावा अशी अपेक्षा होती. सहाव्या मजल्यावरच्या भाभींना न्यूटन समजला नाही, पण वर जाताना अठ्ठ्याहत्तर आणि खाली येताना सत्तर, एवढं मात्र बरोबर समजलं. त्या तीनदा खाली गेल्या. वर येताना जिन्याने आल्या.

दुपारपर्यंत बी विंगमधल्या बायका आमच्या लिफ्टपुढे रांगेत होत्या. “ये लिफ्ट में वेट कम होता है,” भाभी सगळ्यांना सांगत होत्या. “बस, नीचे जाने का. ऊपर नहीं आने का.”

“अहो, ते तेवढ्यापुरतं आहे!” काका ओरडून सांगत होते. “दोन सेकंदांपुरतं!”

“दो सेकंद में आठ किलो!” रांगेतली एक बाई थक्क होऊन म्हणाली.

संध्याकाळी सेक्रेटरींनी नोटीस लावली : ‘लिफ्टमध्ये विज्ञान करण्यास सक्त मनाई आहे.’ मराठी, हिंदी आणि गुजराती, तिन्ही भाषांत. काकांनी त्या नोटिशीचा फोटो काढून ठेवला. म्हणाले, “बघ, मनाई करण्याएवढं महत्त्व आलंय विज्ञानाला.”

हे सेक्रेटरी मनाने वाईट नव्हते. गुजराती, कपड्यांचा व्यापार, प्रत्येक गोष्टीत उत्साह. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात त्यांनीच काकांना दहा मिनिटं मिळवून दिली. डान्स आणि हाउजी यांच्या मधली. काकांनी तयारी केली ती लोखंडी वजनाची. दोरीला वजन टांगायचं, आपल्या नाकापर्यंत ओढून आणायचं आणि सोडायचं. ते पलीकडे जाऊन परत येतं, पण नाकाला शिवत नाही, कारण जेवढ्या उंचीवरून निघालं त्याच्यापेक्षा वर ते चढूच शकत नाही. काकू वजनाकडे बघून एवढंच म्हणाल्या, “नारळ घ्या. गणपतीत शोभेल.”

त्या दोन वाक्यांनी काकांचा चेहरा वाचवला.

त्या दिवशी मांडवात पाचशे माणसं असतील. स्टेजच्या आडव्या पाइपला दोरी, दोरीला सोललेला नारळ. काका ताठ उभे, नारळ नाकाला टेकलेला. नारळ सोडण्याचा मान त्यांनी सेक्रेटरींना दिला. “नुसता सोडायचा,” त्यांनी बजावलं. “हात बाजूला. बस.”

सेक्रेटरींनी नारळ धरला, हसून लोकांकडे बघितलं, आणि झोपाळ्यावरच्या नातवाला द्यावा तसा नारळाला सणसणीत झोका दिला.

काका हलले नाहीत. नियमावर एवढा भरवसा असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. नारळ पलीकडच्या मोटूपतलूच्या कटआउटपर्यंत गेला, परत आला, आणि ठप्प!

काका दोन पावलं मागे गेले, रुमाल नाकावर दाबला आणि दुसऱ्या हाताने माइक पकडला.

“दियब बोडला दाही!” ते गरजले. “लक्षात घ्या! दियब बोडला दाही! सेक्रेटरींदी जेवढी जास्त ऊर्जा दिली, तेवढीच बाझ्या दाकाला बिळाली!”

आणि त्या पाचशे माणसांनी टाळ्यांचा जो कडकडाट केला, तसा त्या वर्षी डान्सलाही झाला नाही. सगळ्यांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. मागून शिट्ट्या आल्या. “वन्स मोअर! अंकल, वन्स मोअर!”

सेक्रेटरी कानाला हात लावून उभे होते. “माफ करा साहेब. मी बोललो, तुम्ही एवढी मेहनत घेतली, तर आपण पण थोडा जोर लावू.”

घरी बर्फ लावताना काकांनी विषय काढलाच. नाक वांग्यासारखं झालं होतं. “वन्स बोअर आलं. हे दुसरं बोलावणं धरायला हरकत दाही.”

“वन्स मोअर म्हणजे बोलावणं नव्हे,” काकू म्हणाल्या. “नारळाला होतं ते.”

वर्ष संपायला महिना राहिला, तेव्हा पंपाच्या मालकांचा फोन आला. काका गेल्यापासून तिथे पंपांच्या तक्रारी वाढल्या होत्या. झालं गेलं विसरून या, म्हणाले. महिनाअखेरच्या सोमवारी कळवा. फोनवर काका नेहमीसारखे बोलले. नंतर मात्र संध्याकाळी गच्चीवर भेटले तेव्हा टाकीकडे बघत उभे होते. मी म्हटलं, “काका, विषय काय आज?” तर म्हणाले, “काही नाही गं.” एवढं छोटं उत्तर त्यांच्याकडून मला कधी मिळालं नव्हतं. मला बरं वाटलं नाही.

शेवटचं बोलावणं उत्तनचं होतं. आमच्या गेटपाशी रोज सकाळी उत्तनची एक मावशी मासळी घेऊन बसायची. ख्रिस्ती कोळीण, साठीच्या पुढची, आवाज असा की चौथ्या मजल्यावर झोपमोड. गावातल्या बायकांच्या मंडळाचा कार्यक्रम होता, त्यात तिने काकांना बोलावलं. “तो नाकावर नारळ मारून घेतो तो,” अशी तिने मंडळात ओळख करून दिली होती.

काकांनी विषय निवडला भरती-ओहोटी. दर्याकाठच्या लोकांना भरती-ओहोटी सांगायची! मी म्हटलंही तसं. काका म्हणाले, “अगं, रोज बघतात म्हणूनच तर कारण कळायला पाहिजे.” काकूंनी भोपळ्याएवढा चंद्र करून दिला. पोकळ प्लास्टिकचा चेंडू, वर करडा रंग, एकेक खड्डा ब्रशने काढलेला. तो दिसायचा मात्र खरा.

कार्यक्रम किनाऱ्यावरच होता. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, समोर नांगरलेल्या होड्या. काकांनी वाळूत चुन्याची रेघ ओढली, आणि रेघेच्या अलीकडे टेबल मांडून वर सूर्याचा दिवा, पृथ्वी आणि चंद्र ठेवले. “माझ्या हिशोबाने,” ते म्हणाले, “आज पाणी पाच वाजून दहा मिनिटांनी या रेघेपर्यंत येईल आणि इथून मागे फिरेल. एक बोटही वर येणार नाही.”

“येनार,” पहिल्या रांगेतून मावशी म्हणाली.

“नाही येणार, मावशी. चंद्र कुठे आहे ते बघितलंय मी.”

“चंद्र बगितलास, वारा कोन बगनार?”

बायका हसल्या. काकाही हसले आणि पुढे बोलत राहिले. पाच वाजले. पाच दहा झाले. पाणी रेघेला लागलं. काकांनी विजयाने हात वर केला. पाण्याने रेघ पुसली. मग ते टेबलाच्या पायांशी आलं. मग काकांच्या चपलांशी. बायका खुर्च्या उचलून मागे सरकल्या. काका घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून घड्याळाकडे बघत होते, तेवढ्यात एक लाट आली, टेबल कलंडलं, सूर्य विझला, पृथ्वी मावशीच्या पायाशी आली आणि चंद्र निघाला.

“अहो, चंद्र!” मी ओरडले.

चंद्र उड्या मारत किनाऱ्याकिनाऱ्याने होड्यांच्या गर्दीत शिरला. दोघं-तिघं मागे धावले. पण तो खडकांच्या पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

मला वाटलं, संपलं. आता काका काहीतरी कारण देतील. काकांनी भिजलेली पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माइक शोधला, तो बंद पडला होता म्हणून मोठ्याने म्हणाले, “मी चुकलो.” त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू बक्षीस लागलंय. “मावशी, मी साफ चुकलो! कसं काय? सांगा ना. वाऱ्याचं काय ते सांगा.”

मावशी आधी लाजली. मग उठली. दोन दिवस भायेरचा, म्हंजे दर्याकडून येनारा वारा असला की पानी किनाऱ्यावर चढतं, लवकर उतरत न्हाय, तिच्या सासऱ्याने तिला कसं शिकवलं, कुठल्या खडकावरून ओळखायचं, असं सगळं हात करकरून सांगायला लागली. तिला दुसऱ्या बायका दुरुस्त करायला लागल्या. त्यांच्यात भांडण जुंपलं. काका पाण्यातच उभे राहून पोस्टरच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते आणि मध्येच ओरडत होते, “थांबा, थांबा, एका वेळी एकीने!” अंधार पडेपर्यंत ते चाललं. येताना काका म्हणाले, “कार्यक्रम फसला. पण काय मजा आली गं!”

काकूंनी कॅलेंडरवर आणखी एक रिकामा गोल काढला.

सोमवारी मालकांना उत्तर द्यायचं होतं. शनिवारी सकाळी मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. काका जुनी ऑफिसची बॅग काढून झटकत होते. तेवढ्यात दारात मावशी. डोक्यावर टोपली, धापा टाकत. मासळी घेऊन लिफ्टमध्ये यायचं नाही, म्हणून पाच जिने चढून आली होती.

“तुजा चंद्र गावला,” ती म्हणाली. “माज्या भावाच्या जाल्यात. त्याला वाटला मोठा मासा. पुडच्या रविवारी ये गावात, घेऊन जा. बायका पन जमतील. जरा काय बोल.”

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी कॅलेंडरकडे बघितलं.

काकांनीच तोंड उघडलं. “नाही, हे धरता येणार नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “वस्तू परत न्यायला बोलावलंय. ते दुसरं बोलावणं होत नाही.”

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

“मावशी,” काकू म्हणाल्या, “तुम्ही इथे रोज येता ना?”

“रोज.”

“तुमच्या टोपलीत तो चंद्र मावला असता?”

“मावला असता की.”

“मग आणला का नाहीत?”

मावशीने काकूंकडे असं बघितलं, की एवढ्या शिकलेल्या बाईला हे कळू नये! “आनला असता,” ती म्हणाली, “तर ह्यो आला असता का?”

काकूंनी पेन्सिल घेतली. उत्तनचा गोल हळूहळू, कडेला धक्का न लावता, आतून पूर्ण भरला. “धरलं,” त्या म्हणाल्या.

मावशीला हे काय चाललंय ते कळलं नाही. ती म्हणाली, “बोंबील घेतेस का?” काकूंनी सगळे घेतले.

मावशी गेल्यावर काकांनी तिथल्या तिथे मालकांना फोन लावला. “हॅलो. नाही, मी येत नाही. नाही हो, राग कसला? कारण? कारण सांगतो ना.” काका खुर्चीवर बसले. मांडी घातली. “मला सांगा साहेब, भायेरचा वारा म्हणजे काय, माहितीये तुम्हाला? नाही ना? मलाही नव्हतं! थांबा, पहिल्यापासून सांगतो. समजा तुम्ही उत्तनच्या किनाऱ्यावर उभे आहात…”

काकूंनी तीन कप काढले होते. त्यातला एक परत फळीवर ठेवला.

“चल,” त्या मला म्हणाल्या, “आपण दोघी घेऊ. हे काही तासभर येत नाहीत.”